शाल नको, फुप्फुसं टिकवायची सोय करा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सादर नमस्कार.

परवा जिल्ह्याच्या गावाहून फोन आला. ३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन आहे, दात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार ठेवलाय, आईला घेऊन या, शाल-श्रीफळ आहे, सन्मानपत्र आहे. फोनवरची मुलगी फार आदबीनं बोलत होती, तिच्यावर माझा राग नाही. पण आई येणार नाही आणि मीही येणार नाही. का, ते आपल्याला सगळ्यांसमोर कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ गेल्या गाळप हंगामात गेला. कारखान्याच्या रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. त्याची मोटारसायकल सरळ तिच्यात घुसली. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात तो व्हेंटिलेटरवर होता. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळानं सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी केली आणि तो ब्रेनडेड असल्याचं सांगितलं. अवयवदानाच्या समन्वयक ताईंनी आईला विचारलं. आई शाळा शिकलेली नाही, पण तिनं फार वेळ घेतला नाही. फक्त एक म्हणाली, "त्याची फुप्फुसं आधी कुणाला तरी द्या."

आईनं फुप्फुसंच का म्हटली, ते आपल्याला सांगायला हवं. आमचे वडील खडी क्रशरवर कामाला होते. पुढे पुढे त्यांना ओट्यावरून उठून मोरीपर्यंत जाववत नव्हतं. टीबी म्हणून औषधं चालली, दोनदा कोर्स झाला, गुण आला नाही. दगडाची धूळ फुप्फुसात बसून होणाऱ्या सिलिकोसिसचं नाव आम्ही फार उशिरा ऐकलं. श्वास कमी पडतो म्हणजे काय, हे आईनं रात्र रात्र उशाशी बसून पाहिलं होतं. आणि तिचा मुलगा तालुक्याच्या कबड्डी संघातला चढाईचा खेळाडू, कधी विडीला हात न लावलेला.

दोन्ही मूत्रपिंडं गेली, यकृत गेलं, डोळे गेले. ज्यांना मिळाले ते सुखी राहोत. फुप्फुसं मात्र त्याच्याबरोबर चितेवर गेली. आम्हाला कारणं दोन सांगितली. एक, फुप्फुसांत पाणी झालंय, ऑक्सिजनचे आकडे हवे तसे येत नाहीत. दुसरं, फुप्फुसं काढणारी टीम लांबून येणार, मग ती बर्फातून नेणार, एवढं सगळं वेळेत बसत नाही. त्या वेळी आम्ही मान हलवली. डॉक्टर म्हणतात तर तसंच असेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवसपाणी झाल्यावर मी वाचायला बसले आणि तेव्हापासून मला झोप नाही.

मंत्रीमहोदय, मेंदू मरताना शरीरात जे वादळ उठतं त्यात रक्तदाब एकदम चढतो आणि फुप्फुसांत पाणी झिरपतं. त्यात व्हेंटिलेटरचा जंतुसंसर्ग, त्यात भरमसाट सलाईन. म्हणून जगभरातच जुन्या पद्धतीनं दहा दात्यांमागे जेमतेम दोघांची फुप्फुसं वापरता येत. पण हे पाणी म्हणजे फुप्फुस मेलं असं नाही, आणि ते दुरुस्त करता येतं, हे सिद्ध होऊन कितीतरी वर्षं लोटली. स्वीडनमध्ये लुंड शहरातले सर्जन स्टिग स्टीन यांनी २००० साली, हृदयविकारानं गेलेल्या माणसाचं फुप्फुस शरीराबाहेर तपासून दुसऱ्याला बसवलं. पुढे कॅनडातल्या टोरांटोत डॉ. शफ केशवजी आणि डॉ. मार्सेलो सायपेल यांच्या टीमनं ती पद्धत पक्की केली. फुप्फुसं काचेसारख्या पारदर्शक घुमटाखाली ठेवतात, व्हेंटिलेटरनं फुलवतात आणि शरीराएवढ्या उबेला त्यांतून एक खास द्रव फिरवत राहतात. तो द्रव आत साठलेलं पाणी ओढून घेतो. चार तास डॉक्टर बघत बसतात की ऑक्सिजन किती येतो, फुप्फुस किती लवचिक आहे, एक्स-रे कसा दिसतो. मग ठरवतात. २०११ मध्ये त्यांनी निकाल छापले तेव्हा, डोळे झाकून बसवता येणार नाहीत अशा २३ दात्यांच्या फुप्फुसांपैकी २० जणांची वापरता आली होती आणि निकाल नेहमीच्या फुप्फुसांच्या तोडीचे होते. तेवीसपैकी वीस! माझ्या भावाची त्या विसांत बसली असती की नाही, मला माहीत नाही. पण त्याला ती संधीच मिळाली नाही.

हे यंत्र महाग आहे, द्रव बाहेरून आणावा लागतो, हे मला कळतं. म्हणून पुढचं जास्त लक्ष देऊन वाचा. आजवर फुप्फुसं बर्फाच्या पेटीत, चार अंशांच्या आसपास नेतात आणि सहा ते आठ तासांत बसवावी लागतात. त्याच टोरांटोच्या लोकांनी दाखवलं की दहा अंशांना ठेवली तर ती जास्त चांगली टिकतात, पेशींची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा कमी बिघडते. फुगवून ठेवलेल्या फुप्फुसात हवा असते, म्हणून त्याच्या पेशी थंडीतही थोडंफार काम करत राहतात, आणि चार अंशांची थंडी त्यांना सोसत नाही. २०२३ मध्ये टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद या तीन ठिकाणचे निकाल आले. रात्री आलेली फुप्फुसं दहा अंशांना ठेवून सकाळी शस्त्रक्रिया केली. बारा तासांहून जास्त वेळ गेला तरी रुग्ण नीट राहिले. यासाठी लागतं काय? तापमान न हलणारी शीतपेटी, निर्जंतुक पिशव्या, आणि शिकलेली माणसं.

बारा तास म्हणजे आमच्यासाठी किती, हे मुंबईत बसून कळणार नाही. लातूरला विमानतळ आहे, पण नियमित विमान नाही. लातूर-हैदराबाद रस्त्यानं तीनशे किलोमीटर, नांदेडहून मुंबई त्याच्या जवळजवळ दुप्पट. सहा तासांच्या हिशेबात मराठवाडा बसत नाही, बारा तासांच्या हिशेबात बसतो. हे संशोधन श्रीमंतांच्या चैनीचं म्हणून कुणी बाजूला सारू नये. जिथं प्रत्यारोपणाचं केंद्र दाराशी आहे त्यांना त्याची गरज कमी, आमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त.

भावाच्या शोकसभेला एक मोठे पदाधिकारी आले होते. माईकवरून म्हणाले, वर्षभरात मराठवाड्यात अवयव काढायची, टिकवायची सगळी यंत्रणा उभी करतो, या मुलाच्या नावानं करतो. आईनं त्यांच्यापुढे हात जोडले. नंतर मी त्यांच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "ताई, ते भाषण होतं." हे वाक्य मी आईला अजून सांगितलेलं नाही, आता इथून कळेल.

महागड्या प्रत्यारोपणांसाठी राखीव निधीची घोषणा तुमच्या सरकारनं केली आणि त्यात फुप्फुसाचं नाव घातलं, ते चांगलंच केलं. पण फुप्फुसं जळून जात असतील तर तो निधी खर्च करणार कुणावर? २०२३ मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणं झाली, मृत्यूनंतर अवयव देणारे दाते १,०९९, आणि फुप्फुसं बसवलेले रुग्ण दोनशेच्या आसपास. एकशे चाळीस कोटींच्या देशात! मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत फुप्फुस प्रत्यारोपणाचं एकही केंद्र नाही. जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या आमच्याकडे, परळीच्या वीजकेंद्राची राख आमच्याकडे, खडी क्रशर तर प्रत्येक तालुक्यात. फुप्फुसं निकामी करायचे कारखाने इथं आणि फुप्फुसांचा इलाज चेन्नई-हैदराबादला, ही वाटणी कुणी केली?

आता राग आलाच आहे तर सगळंच बोलते. १६ सप्टेंबर २०२३ ला संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, ४५ हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं, दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन झालं. दोन आठवड्यांनी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं मेली, त्यांत १२ नवजात बाळं. अनुशेषाचा हिशेब दांडेकर समितीनं १९८४ मध्ये मांडला, तो अजून चालूच आहे. वैधानिक विकास मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली तेव्हा इथल्या पुढाऱ्यांनी चार दिवस आरडाओरडा केला आणि नंतर सगळे गप्प झाले. नागपूरला एम्स झालं, चांगलं झालं, तीही आपलीच माणसं. आम्ही एम्स मागतो तेव्हा मात्र पाहणी समिती येते, चहा पिते आणि जाते. वर्षानुवर्षं सहन करणाऱ्या लोकांचा तुम्ही सत्कार करता आणि आम्ही टाळ्या वाजवून घरी येतो, याची आता आम्हालाच लाज वाटायला लागली आहे.

मी मागते आहे ते फार नाही. संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय महाविद्यालयांतल्या आयसीयूंना ब्रेनडेड रुग्णाची फुप्फुसं कशी सांभाळायची याचं प्रशिक्षण द्या. सलाईन किती, व्हेंटिलेटरचा दाब किती, कफ कधी ओढायचा, एवढ्यानंही कितीतरी फुप्फुसं वाचतात, यंत्रसुद्धा लागत नाही. फुप्फुसं काढणारी एक टीम मराठवाड्यात तयार करा आणि तिच्या हातात दहा अंशांची पेटी द्या. घुमटाचं ते यंत्र राज्यातल्या एका सरकारी रुग्णालयात आणा आणि सगळ्या विभागांना वापरू द्या. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठानं यावर आपल्या हवेत, आपल्या रस्त्यांवर अभ्यास करावा, कारण व्हिएन्नाचा उन्हाळा आणि लातूरचा एप्रिल सारखा नाही.

आणि आयसीयूतल्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीनं बंधनकारक केलं आहे. किती ठिकाणी विचारतात, जिल्हावार आकडे जाहीर करा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप पुन्हा सुरू होईल. त्याआधी यातलं काय होणार, कुठल्या तारखेपर्यंत होणार आणि जबाबदार अधिकारी कोण, एवढं मला लेखी कळवा. भाषणातून नको. पत्राची प्रत मी मराठवाड्यातल्या सगळ्या आमदारांना पाठवते आहे. हिवाळी अधिवेशनात यांतला कोण प्रश्न विचारतो आणि कोण विचारत नाही, त्याची यादी आम्ही गावोगाव लावणार आहोत.

आपली,
एका अवयवदात्याची बहीण
ता. औसा, जि. लातूर