भट्टीइतकेच लक्ष क्षाराच्या टाकीकडेही हवे

संपादक महोदय,

उष्णतोपचार विभागात, म्हणजे पोलाद तापवून आणि थंड करून कडक करतात तिथे, अपघात झाला की बातमीत ‘भट्टीचा स्फोट’ एवढेच छापून येते आणि विषय संपतो. पोलाद ज्यात थंड करतात ती वितळलेल्या क्षाराची टाकी, म्हणजे सॉल्ट बाथ, कुणाच्या लक्षातही येत नाही. खरेदीच्या वेळीही तसेच होते. भट्टीचे तपशील पानभर असतात आणि टाकीबद्दल लांबी, रुंदी, खोली लिहून मोकळे होतात. क्वेंचिंगचे, म्हणजे तापलेले पोलाद झटकन थंड करण्याचे, यश आणि माणसांची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी याच टाकीच्या रचनेवर अवलंबून आहेत, म्हणून हे पत्र.

तेलात किंवा पाण्यात तापलेला जॉब, म्हणजे पोलादाचा सुटा भाग, बुडवला की आधी त्याच्याभोवती वाफेचे आवरण तयार होते. ते जागोजागी वेगवेगळ्या क्षणी फुटते, त्यामुळे एक बाजू आधी थंड होते आणि जॉब वाकतो किंवा तडकतो. वितळलेला क्षार उकळत नसल्याने हे आवरण बनतच नाही. नायट्रेट-नायट्राइटचे नेहमीचे मिश्रण म्हणजे 53 टक्के पोटॅशियम नायट्रेट, 40 टक्के सोडियम नायट्राइट आणि 7 टक्के सोडियम नायट्रेट. ते सुमारे 142 अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे मार्टेम्परिंगसाठी (क्षारात तापमान सारखे होईपर्यंत थांबवून मग हवेत थंड करणे) 200 ते 250 अंश आणि ऑस्टेम्परिंगसाठी (रचना पूर्ण बदलेपर्यंत क्षारातच धरून ठेवणे) साधारण 230 ते 400 अंश अशी दोन्ही कामे त्यात होतात.

सगळ्यात जोखमीची वेळ असते ती बंद पडून गोठलेली टाकी पुन्हा सुरू करण्याची. वितळताना क्षार फुगतो. उष्णता फक्त तळातून दिली, तर खाली द्रव तयार होतो आणि वर घट्ट थर तसाच राहतो. अडकलेला द्रव आणि वायू वाट मिळेल तिथून उसळतात आणि वितळलेला क्षार लांबवर उडतो. म्हणून थेट तळाखाली बर्नर असलेली टाकी घेऊच नये. बुडीत हीटर असे असावेत की त्यांचा उभा भाग पृष्ठभागातून वर आलेला असेल. मग त्या उभ्या भागालगतचा क्षार आधी वितळतो आणि दाबाला वर यायला वाट मिळते. जुनी टाकी असेल, तर क्षार गोठण्याआधी तळापर्यंत पोचणारी निमुळती सळई जाड टोक वर ठेवून उभी करावी आणि गोठल्यावर, तापवायला सुरुवात करण्याआधी, उपटून काढावी. राहिलेले भोक हीच दाब बाहेर पडायची वाट. पृष्ठभाग पूर्ण वितळेपर्यंत हीटर कमी शक्तीवर, झाकण बंद आणि जवळ कोणी नाही, हा नियम असावा. वरचा थर पहारीने फोडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. ढवळणीची मोटरही क्षार पूर्ण वितळल्याशिवाय सुरू करू नये, नाहीतर शाफ्ट तुटतो.

दुसरा धोका अतितापाचा. हा क्षार साधारण 590 अंशांच्या पुढे नेऊ नये. त्यापुढे तो विघटित होऊ लागतो आणि पोलादी टाकीशीच प्रक्रिया करू लागतो. टाकीतला काटा 250 दाखवत असताना हे कसे घडेल, असे विचारले जाते. तळाशी गाळ साचला की हीटरवर त्याचा थर बसतो. हीटरचा पृष्ठभाग आतल्या आत तापत राहतो आणि दूर लावलेल्या थर्मोकपलला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या संवेदकाला, पत्ताही लागत नाही. म्हणून दोन स्वतंत्र थर्मोकपल हवेत, एक जॉब बुडतो त्या भागात आणि एक हीटरजवळ. दुसरा थर्मोकपल वेगळ्या कटआऊटला (हीटर आपोआप बंद करणाऱ्या स्विचला) जोडलेला असावा, मुख्य कंट्रोलरला नव्हे. ढवळणी बंद पडली तर हीटरही बंद, ही जोडणी आवश्यक आहे. फक्त सुरुवातीला वितळवताना, ढवळणी बंद असतानाही हीटर कमी शक्तीवर चालेल, अशी वेगळी सोय ठेवावी.

टाकी किती मोठी हवी, हा हिशेब कागदावर होतो आणि तरीही अंदाजपंचे ठरवला जातो. 100 किलो पोलाद 850 अंशांवरून 250 अंशांवर आणायचे असेल, तर सुमारे 39,000 किलोज्यूल उष्णता क्षारात जाते. (पोलादाची सरासरी विशिष्ट उष्णता दर किलो, दर अंशाला 0.65 किलोज्यूल धरली आहे.) क्षाराची विशिष्ट उष्णता साधारण 1.5 धरली आणि तापमान 10 अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचे नसेल, तर 2,600 किलो क्षार लागतो. 15 अंश चालणार असतील तर 1,700 किलोच्या आसपास. यात लागोपाठच्या खेपा धरलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी टाकीच्या बाहेरील पोकळीत हवा फिरवणारा पंखा हवा. क्षारात पाण्याची नळी फिरवून थंड करण्याचा मोह टाळावा. नळी गळाली तर पाणी क्षणात वाफ होऊन सुमारे 1,600 पट फुगते.

पाण्याचेच आणखी एक रूप मात्र उपयोगी आहे. 200 अंशांच्या आसपास क्षारात अर्धा ते दोन टक्के पाणी मिसळलेले असेल, तर थंड होण्याचा वेग बराच वाढतो. 300 अंशांच्या पुढे अर्ध्या टक्क्याच्या आतच राहावे. हे पाणी सतत उडून जाते, म्हणून ते रोज भरावे लागते. ते ढवळणीच्या भोवऱ्यात बारीक धारेने किंवा तुषारांनी सोडावे. ढवळणी थांबलेली असताना कधीही नाही. वरून कडक आणि आतून मऊ जॉब निघू लागले, म्हणजे गाभ्यात पर्लाइट (संथ थंड झाल्याने बनणारी पोलादाची मऊ रचना) दिसू लागले, की बरेच जण पोलादाला दोष देतात. आधी पाण्याचे प्रमाण आणि ढवळणीचा वेग तपासावा. बास्केटच्या मधल्याच जॉबची हार्डनेस कमी येत असेल, तर प्रवाह मध्यापर्यंत पोचत नाही एवढाच अर्थ. जॉब विरळ लावावेत आणि प्रवाह खालून वर बास्केटमधून जाईल, अशी वाहिनी असावी.

जॉब वितळलेल्या क्लोराइड क्षाराच्या भट्टीत तापवून येत असतील, तर त्यांना चिकटून क्लोराइड येतोच. कमी तापमानाला तो विरघळत नाही, कणरूपाने तरंगतो, क्षार दाट होतो आणि थंड होण्याचा वेग घटतो. टाकीला शेजारी शांत प्रवाहाचा वेगळा कप्पा आणि त्यात उचलता येणारा गाळाचा ट्रे असेल, तर हा क्लोराइड तिथे खाली बसतो. ही सोय नंतर जोडणे फार कटकटीचे असते. सायनाइड असलेल्या भट्टीतला जॉब मात्र थेट नायट्रेटमध्ये जाता कामा नये. सायनाइड आणि नायट्रेट एकत्र आले की स्फोट होतो. मध्ये न्यूट्रल क्लोराइडच्या बाथमध्ये तो धुतला गेलाच पाहिजे. ओले जॉब, दोन्ही टोके बंद केलेल्या नळ्या, तेल, काजळी आणि मॅग्नेशियमचे तुकडे यांनाही टाकीत जागा नाही.

आग लागली तर कोरडी वाळू. पाणी किंवा फेस मारू नये. कार्बन डायऑक्साइडचाही उपयोग होत नाही, कारण नायट्रेट स्वतःच प्राणवायू पुरवतो. याच कारणाने सांडलेला क्षार किंवा काढलेला गाळ भुसा, गोणपाट, चिंध्या यांनी पुसू नये आणि त्यांच्याजवळ साठवूही नये. जॉब धुतलेले पाणी गटारात सोडू नये. त्यात नायट्राइट असते. ते आटवून क्षार परत मिळवता येतो.

यंत्रपुरवठादारांनी हे सारे पर्यायी म्हणून न ठेवता मूळ दरपत्रकातच लिहावे आणि खरेदीदारांनी तसा आग्रह धरावा. प्रत्येक टाकीशेजारी एक पाटी असावी: कोणता क्षार, किती तापमानापर्यंत, यात काय घालायचे नाही आणि सुरू करण्याचा क्रम कोणता. रात्रपाळीला एकट्याने काम करणाऱ्या माणसाला ती उभ्या जागेवरून वाचता आली पाहिजे.

– उष्णतोपचार क्षेत्रात काम करणारे काही अभियंते