महिनाअखेरीस येत नाहीये, त्याचं कारण

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा "जेवलीस का"पाशी अडले, म्हणून लिहितेय. आई, आधी एवढं वाच आणि मग पुढे जा: माझी तब्येत चांगली आहे. मागच्या महिन्यातले रिपोर्ट नॉर्मल आहेत. काहीही परत आलेलं नाही. हे पत्र त्याबद्दल नाही.

महिनाअखेरीस घरी येते म्हणाले होते, ते मात्र जमणार नाही. अजून आठ आठवडे मी इथेच आहे. एका व्यायामाच्या कार्यक्रमात नाव घातलंय. बारा आठवड्यांचा आहे, ज्यांचे कर्करोगाचे उपचार संपलेत अशा माझ्या वयाच्या मुलामुलींसाठी. त्यातले चार आठवडे होऊनही गेले. तुम्हाला न विचारता सुरू केलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुम्ही नको म्हटल्यावर माझा पाय उचलला नसता. म्हणून आधी गेले आणि आता सांगतेय.

इतके दिवस लपवलेली गोष्टही सांगून टाकते. ऑफिसात दुपारी तीनच्या सुमाराला माझ्यातला जीवच जायचा. झोप येते तसं नाही, हातातला माऊस जड वाटायचा. बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं भिंतीला डोकं टेकून उभी राहायचे आणि परत जागेवर यायचे. शनिवार-रविवार झोपून काढले तरी सोमवारी तशीच. शेवटी तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, हा थकवा झोपेने जाणारा नाही. उपचारानंतरचा थकवा वेगळाच असतो, काहींना तो वर्षानुवर्षं पुरतो. आराम करत राहिलं की स्नायू आणखी आटतात, मग तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो, मग माणूस आणखी आडवा होतो. तीन वर्षं माझं हेच चाललं होतं. या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायामाचा गुण जास्त येतो, हे २०१७ साली शंभरावर अभ्यास एकत्र तपासून दाखवलं गेलंय. मला तेव्हा कुणी हे सांगितलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या पानावर फक्त "जपून राहा" होतं, आणि आपण तिघंही जपून राहिलो.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न हृदयाचा असणार. म्हणून तुमच्याच खाकी फाइलमधून हिशेब काढला (मागच्या वेळी आले तेव्हा फोटो काढून ठेवले होते, फाइल जागच्या जागी आहे). ते लाल औषध, ज्याच्या सिरिंजकडे आई कधी बघायची नाही, ते ड्रोक्सोरुबिसिन नव्हे, डॉक्सोरुबिसिन. आपण सगळे तेव्हा चुकीचंच म्हणत होतो. दर वेळी शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे २५ मिलिग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, बारा वेळा. म्हणजे ३००. एकूण मात्रा २५० किंवा त्याहून जास्त झाली की हृदयावर पुढे कायम लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे नाव घालण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. पंपिंग ६० टक्के आहे, म्हणजे अगदी हवं तसं. केमोतलं दुसरं औषध, ब्लिओमायसिन, फुफ्फुसांना त्रास देऊ शकतं म्हणून फुंकायची ती चाचणीही झाली. दोन्ही रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सही केली, तेव्हाच मला आत घेतलं. कुणाच्या सांगण्यावरून उठले आणि पळत सुटले, असं झालेलं नाही.

आई, पहिल्या दिवसाचं तुला सांगायचंय. तीस मीटरचा सरळ पॅसेज, दोन्ही टोकांना नारिंगी शंकू. बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली आणि म्हणाले, सहा मिनिटांत जमेल तेवढं चाला, पळू नका, थांबावंसं वाटलं तर थांबा. मला वाटलं, चालायचंच तर आहे. चौथ्या मिनिटाला पोटऱ्या भरून आल्या आणि मी भिंतीला हात लावला. फिजिओताई काही बोलल्या नाहीत, घड्याळ चालूच होतं. मग परत निघाले. ४३० मीटर झाले. माझ्या वयाची धडधाकट मुलगी सहज सहाशेच्या पुढे जाते. नंतर डोळे मिटून एका पायावर उभं राहायला सांगितलं तर तीन सेकंदांत तोल गेला, कारण पायाच्या बोटांतला तो बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. घरी येऊन खूप रडले. त्या रात्री फोनवर तू विचारलंस, "आवाज असा का?" आणि मी सर्दी म्हणाले. सर्दी नव्हती.

काल परत मोजलं. ४९५. एकदाही भिंतीला हात लावला नाही.

करतो काय, तेही सांगते, म्हणजे मनात भलतीसलती चित्रं येणार नाहीत. आठवड्यातून तीनदा तीस मिनिटं दम लागेल असं काहीतरी, माझ्यासाठी सायकल किंवा चालणं, आणि त्यातल्याच दोन दिवशी ताकदीचे व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, आणि डंबेल. पहिल्या आठवड्यात एक किलोचे होते, आता दोन किलोचे. २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने कर्करोगातून बाहेर पडलेल्यांसाठी जे प्रमाण सांगितलं, ते साधारण एवढंच आहे. जोर किती लावायचा, याचं माप फार सोपं आहे: बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. मध्येच ताई विचारतात, "दहापैकी किती दमलीस?" मी आठ म्हटलं की लगेच वेग कमी. ताप असेल तर यायचंच नाही. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. आणि ज्या दिवशी अंगात काहीच नसतं त्या दिवशी फक्त दहा मिनिटं, पण तेवढी करायचीच. ही दहा मिनिटंच मला सगळ्यात अवघड जातात.

आम्ही सातजण आहोत. इथे पंधरा ते एकोणचाळीस वयाच्यांना घेतात. आठवतं ना, तेव्हा आपल्याला मुलांच्या वॉर्डात ठेवायचं की मोठ्यांच्या, यावरच अर्धा दिवस गेला होता? एकीकडे भिंतीवर ससे, दुसरीकडे शेजारच्या खाटेवर आजोबा, आणि एकोणीस वर्षांची मी मध्येच कुठेतरी. त्या सबंध काळात माझ्या वयाचं कुणी मला भेटलंच नव्हतं. इथे एकाच्या गुडघ्यात धातूचा सांधा आहे, हाडाचा कर्करोग होता त्याला. त्याला उड्या मारायच्या नाहीत, पण पायाची ताकद त्याची माझ्या दुप्पट आहे. एकीला ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या वेळी घेतलेल्या स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालाय, ती फक्त सायकल करते. म्हणजे प्रत्येकाचा कागद वेगळा. कोणाला काय चालेल, हे त्याला कुठलं औषध किती गेलंय त्यावर ठरतं. म्हणूनच साध्या जिममध्ये गेले नाही. तिथे मला ब्लिओमायसिन म्हणजे काय, हेच समजावत बसावं लागलं असतं. सेशन झाल्यावर आम्ही जिन्यात बसून बोलतो. पुन्हा तर होणार नाही ना, नोकरीत सांगायचं का, लग्नाचं काय. जे तुमच्यापाशी बोलले तर तुम्ही रात्रभर जागे राहाल, ते सगळं तिथे बोलून होतं.

बाबा, तुम्ही पुरावा मागणार. २०१४ साली एक अभ्यास आला, लहानपणी हॉजकिन, म्हणजे माझ्यासारखाच लसिकाग्रंथींचा कर्करोग, झालेल्या १,१८७ जणांचा, ते मोठे झाल्यावर केलेला. नियमित दमदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या गंभीर तक्रारी अजिबात न करणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्म्या होत्या. तुम्ही म्हणाल, जे मुळातच ठणठणीत असतील तेच व्यायाम करत असतील. बरोबर आहे, असा अभ्यास ते वेगळं काढू शकत नाही. पण २०२५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण. एका गटाला तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले ९० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ८३. तो आजार माझा नाही, ती माणसंही बहुतेक माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी, म्हणून तो आकडा मी माझ्या नावावर मांडत नाही. पण "दगदग नको" हेच सगळ्यात सुरक्षित, असं जे आपण धरून चाललो होतो, ते मला आता खरं वाटत नाही.

मामा मला नेहमी युवराजसिंग सांगतो. २०१२ मध्ये केमो घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मैदानात उतरला, म्हणून. त्याला सांगा, मला षटकार मारायचे नाहीत. मला आपला जिना एका दमात चढायचाय.

जिन्यावरून आठवलं, आणि हे कसं लिहू कळत नाही. बाबा, मधल्या वळणावर तुम्ही माझ्यासाठी ठेवलेलं ते स्टूल. तेव्हा त्याच्याशिवाय मी वर येऊच शकले नसते. तुम्ही हातात पाण्याची बाटली घेऊन एक पायरी खाली उभे राहायचात, मी मागे पडले तर धरायला. पण तीन वर्षं झाली, स्टूल अजून तिथेच आहे, आणि घरी आले की मी दमलेली नसले तरी त्यावर बसते. तुम्ही बघत असता म्हणून बसते. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, आई, हे वाचून डोळ्यांत पाणी आणू नकोस. तुम्ही मला जपलंत म्हणून आज मी हे लिहितेय. फक्त आता मला थोडं दमू द्या.

सायकल शिकवताना, बाबा, तुम्ही सीट धरून मागे पळत होतात आणि मी ओरडत होते, "सोडू नका, सोडू नका." तुम्ही "धरलंय, धरलंय" म्हणत होतात, आणि आवाज लांबून येतोय हे मला कोपऱ्यावर पोचल्यावर कळलं. परवा त्या उभ्या सायकलवर बसल्या बसल्या तेच आठवत होतं. चिमटीतला आकडा बघायचा सोडून मी मागे वळून बघितलं.

माझी इथे आबाळ होत नाही. जेवण वेळेवर, झोप साडेदहाला, सेशनच्या दिवशी ऑफिसातून तासभर आधी निघायची परवानगी मिळालीय. बूट चांगले घेतलेत, टाचेला मऊ आहेत, बधिर बोटांना लागत नाहीत, आणि रोज रात्री तळवे आरशात तपासते, कुठे फोड नाही ना म्हणून. तू दिलेली शाल पायथ्याशी असते. तीनच्या सुमाराला अजून कधी कधी कोमेजते, रोज नाही. मागच्या आठवड्यात दोनदाच.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही, आणि मोजलेलं वहीत लिहायचं, मनात नाही. माझ्या आजारपणात तुमचं सकाळचं फिरणं सुटलं ते सुटलंच. उद्यापासून दहा मिनिटं, दम लागला तर आठ. आई, तो खांदा वर जात नाही हे मला केस विंचरताना दिसलंय. फिजिओला दाखव, "होईल कमी" नको. आणि आजीला यातलं काही सांगू नका, ती उपास धरून बसेल. काकूला मी सांगेन.

शनिवारी साडेसहाला व्हिडिओ कॉल करते. ताई म्हणाल्यात, आई-बाबांना दहा मिनिटं बघू दे. काही विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा, त्या चिडत नाहीत.

आणि ते स्टूल आत घेऊ नका हं, वाचल्या वाचल्या उचलायला जाल. तुमच्या गुडघ्यासाठी राहू द्या तिथेच.

तुमची,
मनू