विटा, डबा आणि पाच शब्द

बर्लिन, १२ ऑक्टोबर

प्रिय सुमे,

‘तुझ्या जर्मनीत काय बाई, पहिल्यापासून बरोबरीचंच सगळं!’ हा तुझा मेसेज वाचून हसूच आलं. उत्तर फोनवर टाइप करवेना, म्हणून कागद घेतला. शिवाय तू वकील, तुला कलमं सांगायला मला गुदगुल्या होतात.

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ८७. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ७ वर्षांच्या. वडील रशियात कैदेत, आई ढिगाऱ्यावर कामाला. पडक्या घरांच्या विटांवरचा चुना हातोडीने ठोकून काढायचा, साफ विटा रचायच्या. तासाला ७२ फेनिग, म्हणजे तिथले पैसे. पण खरी ओढ रेशनकार्डाची. घरी बसणाऱ्या बाईला सगळ्यात खालचं, पाचव्या वर्गाचं कार्ड: दिवसाला ३०० ग्रॅम पाव, बाकी नावापुरतं. लोक त्याला ‘स्वर्गारोहणाचं कार्ड’ म्हणत. आपल्याकडे वैकुंठाचं म्हटलं असतं. ढिगारा उपसला की वरचं कार्ड मिळे.

इथल्या हाझेनहाइडे बागेत अशा बाईचा दगडी पुतळा आहे, १९५५ सालचा. मी कौतुकाने सांगायला गेले, तर आजी म्हणाल्या, “देशासाठी कसलं गं, पावासाठी!” इतिहासकारही आता सांगतात की बहुतेक ढिगारा यंत्रांनी आणि बांधकाम कंपन्यांनी हलवला; वीरांगनांची गोष्ट नंतर फुगली. फुगवणं सोपंच असतं, पेन्शन द्यावी लागत नाही.

१९४९ मध्ये वडील परतले. तोवर घरचे पैसे आईच्या पत्र्याच्या डब्यात असत. महिन्याभरात डबा वडिलांच्या कपाटात गेला. भांडण नाही, तंटा नाही. “आईने स्वतःच नेऊन ठेवला,” आजी म्हणाल्या. मला त्या डब्यापुढे काही विचारवेना.

त्याच वर्षी तिकडे बॉनमध्ये पश्चिम जर्मनीची राज्यघटना तयार झाली. ६५ सभासद, त्यात बायका चार. कासेलच्या वकील एलिझाबेथ झेल्बर्ट त्यांतल्या एक. दोन मुलं पदरात असताना कायदा शिकलेली बाई. तिने पाच शब्दांचं वाक्य मागितलं: पुरुष आणि स्त्रिया समान हक्कांचे आहेत. समितीने दोनदा फेटाळलं. मग ती गावोगाव फिरली, बायकांची पत्रं ढिगाने बॉनला येऊन पडली आणि जानेवारी १९४९ मध्ये वाक्य मंजूर झालं. पुढे घटना न्यायालयाच्या खुर्चीवर मात्र तिला कुणी बसवलं नाही.

आता तुझ्या कामाची गंमत. त्या वाक्याशी विसंगत कायदे ३१ मार्च १९५३ पर्यंत बदलायचे, असं घटनेतच लिहिलेलं. मुदत उलटून गेली, संसद ढिम्म! नवा कायदा अमलात आला १ जुलै १९५८ ला. त्यातही मुलांच्या बाबतीत आईबापाचं पटलं नाही तर शेवटचा शब्द बापाचा. तो १९५९ मध्ये न्यायालयाने खोडला. आणि बायको नोकरी करू शकते, पण ‘लग्न व कुटुंबातल्या कर्तव्यांशी जमत असेल तर’, हे १९७७ पर्यंत पुस्तकात होतं. १९७७, सुमे! आपण तेव्हा पाटीवर बाराखडी गिरवत होतो.

आजींना साठच्या दशकात टायपिस्टच्या कामावर परत जायचं होतं. नवऱ्याने नाही म्हटलं नाही, शाळेने म्हटलं. शाळा दुपारीच सुटायची, पोरं जेवायला घरी. दारात किल्ली घेऊन उभं राहणारं पोर दिसलं की शेजारीण बोलायची: ‘राबेनमुटर’. शब्दशः कावळी-आई, पिल्लांना टाकून उडणारी. आपण कावळ्याला पिंड देतो, आणि इथे त्याच्या नावाची शिवी.

पूर्व जर्मनीत पाळणाघरं भरपूर होती. १९८९ पर्यंत दहातल्या नऊ बायका कामावर किंवा शिकत होत्या. पण संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनाच, आणि पॉलिटब्युरोत, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, मताचा हक्क असलेली बाई शेवटपर्यंत एकही नव्हती. आजींची मावसबहीण तिकडची. ती आली की दोघी तासन्‌तास वाद घालतात, कुणाची जास्त दमछाक झाली यावर.

तो डबा अजून आहे म्हणे. आता त्यात बटणं असतात. रविवारी आजी मला त्यांच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या दाखवणार आहेत. दर शनिवारी नवऱ्यासमोर ठेवायच्या, फेनिगन्‌फेनिग लिहिलेल्या. एखाद्या पानाचा फोटो पाठवते. आणि मेतकूट संपलंय, कुणी येणार असेल तर दे.

तुझी,
वैजू