तलावाचा काठ दाखवणाऱ्या आबाजींना

आदरणीय आबाजी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. तरी ते सर्वांसमोर लिहितो आहोत, कारण रामटेक, मौदा, कुही, भिवापूर अशा धानपट्ट्यातल्या गावांमधून लोक विचारतात, "तुमच्या तलावाला नेमकं काय केलं?" त्याचं उत्तर तुमचं आहे. आभार मानायचे तर ते उत्तर जसंच्या तसं, मापांसकट मांडावं, असं सगळ्यांना वाटलं.

सर्वांत आधी आभार तुम्ही काठावर येणारं जेसीबी थांबवल्याबद्दल. आपल्याकडे तलाव दुरुस्त करायचा म्हटलं की 'खोलीकरण' हा एकच शब्द तोंडात येतो. काठापासून उभा खड्डा मारला की पाणी जास्त मावतं, असा हिशेब असतो. "तलाव थाळीसारखा असतो, विहिरीसारखा नाही," असं तुम्ही म्हणालात आणि सगळ्यांना पाण्यात उतरवलंत. घोट्यापासून टोंगळ्यापर्यंतचं (गुडघ्यापर्यंतचं) पाणी, टोंगळ्यापासून कंबरेपर्यंतचं, आणि कंबरेपुढचं, असे हे तीन पट्टे. पहिल्या पट्ट्यात देवधान (रानटी भात), लव्हाळा, नाळीची भाजी. दुसऱ्यात पाण्याखालचं गवत, ज्याला पुस्तकात हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया म्हणतात. तिसऱ्यात कमळ, आणि त्यापुढे मोकळं पाणी. मासा अंडी घालतो ती पहिल्या दोन पट्ट्यांत, पिल्लं लपतात तीही तिथेच. काठ उभा कापला की हे दोन्ही पट्टे जातात. पाणी वाढलेलं दिसतं, पण त्यात जगायला जागा उरत नाही. आपल्या तलावात दहा फूट चालल्यावर साधारण एक फूट खोली वाढते. हा उतार कुठेच मोडायचा नाही, ही तुमची पहिली अट होती.

गाळ काढूच नये, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. आधी पाच-सहा ठिकाणी हातभर खड्डे घेऊन बघा, म्हणालात. वरचा काळसर, चिकट थर म्हणजे गाळ. त्याखाली पिवळट मुरूम दिसला की फावडं थांबवायचं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेल्या या तलावांचा तळ पिढ्यान्‌पिढ्या बारीक मातीने लिंपला गेला आहे. तो थर फोडून मुरूम उघडा केला की तलाव दिवाळीतच गळायला लागतो, आणि मग दोष पावसाला दिला जातो. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पायथ्यापासून ५० फुटांच्या आत खोदायचं नाही, नाहीतर पाळ खचते. निघालेला गाळ हलक्या, मुरमाड शेतात तीन-चार इंचांच्या थराने पसरायचा. भारी काळ्या जमिनीत तो टाकून उपयोग नाही, तिथे निचरा आणखी बिघडतो. गाळाचा ट्रॅक्टर दारात उभा असताना हे ऐकून घेणं शेतकऱ्याला जड जातं, आणि तुम्ही ते एकेकाला समजावत होतात.

दुसरे आभार बेशरमाबद्दल. हे झुडूप मुळात अमेरिकेतलं, कुंपणाला आणि बांधाला म्हणून लोकांनीच आणलं. जनावर त्याला तोंड लावत नाही, कारण ते विषारी आहे, म्हणून ते फोफावतं. बहुतेक गावांत ते विळ्याने किंवा कोयत्याने छाटतात आणि तुकडे पाण्यात तसेच सोडतात. तिथेच सगळं फसतं. कांडीचा प्रत्येक तुकडा ओल्या चिखलात पेर धरून मुळं सोडतो, आणि पुढच्या वर्षी एका झुडपाची दहा झालेली असतात. तुम्ही सांगितलेला क्रम असा: वैशाखात, तलावाचा काठ कोरडा आणि जमीन भेगाळलेली असताना सब्बल आणि कुदळीने मुळासकट उपटायचं. सगळा ढीग पाण्याच्या रेषेच्या बराच वर, उंचवट्यावर, मुळं आकाशाकडे करून वाळवायचा. उपटलेल्या जागेवर दोनदा नांगर फिरवायचा, म्हणजे राहिलेली मुळं उन्हात येतात. पाऊस पडल्यावर आषाढात पुन्हा काठ फिरायचा आणि नवे फुटवे चिखल मऊ आहे तोवर हाताने ओढून काढायचे. असं सलग तीन वर्षं. एक वर्ष चुकलं की पहिल्या दोन वर्षांची मजुरी गेली. हे उत्साही मंडळींना सांगणं फार गरजेचं आहे, कारण पहिल्या वर्षी फोटो काढायला सगळे येतात आणि तिसऱ्या वर्षी कोणी नसतं.

याच कामात आजींचेही आभार. बेशरम आणि नाळीची भाजी एकाच कुळातल्या. दोन्हींचं फूल नरसाळ्यासारखं, फिकट जांभळं-गुलाबी. उपटणारी पोरं नाळीही काढून टाकत होती. आजींनी दोन्ही कांड्या हातात दिल्या. नाळीची कांडी पोकळ, पाण्यावर तरंगणारी, पान बाणाच्या टोकासारखं. बेशरमाची कांडी ताठ, उभी वाढणारी, पान मोठं आणि बदामाच्या आकाराचं. ज्या काठावरून घोळ, नाळी आणि कमळाचे ढेस घरात येतात, तो काठ बाया आपल्या परसासारखा ओळखतात. पण तलाव समितीच्या बैठकीत त्यांना कोणी विचारत नाही. आता काठावरचं कुठलंही काम त्यांच्या फेरीनंतरच सुरू होतं.

पाण्याखालचं गवत लावण्याची तुमची पद्धत सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात.

पहिल्या पावसाचं पाणी गढूळ असतं, त्यात लावलेलं रोप उजेडावाचून कुजतं. म्हणून थांबायचं. किती थांबायचं, त्यासाठी घरातली स्टीलची थाळी पांढऱ्या रंगाने रंगवून, तिला मधोमध दोरी आणि खाली दगड बांधायचा. दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ. थाळी सावकाश खाली सोडायची, ती दिसेनाशी होते तिथल्या गाठी मोजायच्या. सहा गाठी, म्हणजे ६० सेंटिमीटरपर्यंत थाळी दिसली की लावणीला सुरुवात. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सूर्याकडे पाठ करून, दरवेळी त्याच जागी मोजायचं, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शाळेतली मुलं आता दर शनिवारी ही थाळी सोडतात आणि गाठी वहीत लिहितात.

रोप शेजारच्या चांगल्या तलावातून आणायचं, पण तिथल्या एका जागेवरचं पाव हिश्श्यापेक्षा जास्त उपटायचं नाही. आणताना ओल्या पोत्याखाली झाकून, त्याच दिवशी लावायचं. उन्हात तासभर उघडं राहिलं तरी ते मेलं समजा. लावण्याआधी स्वच्छ पाण्यात हलवून धुवायचं, कारण त्यात जलपर्णीचं एक बारीक रोप आलं तरी घात होतो. पोषक पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. हायड्रिलाच्या आठ-दहा काड्या बेलफळाएवढ्या चिखलाच्या गोळ्यात खोचायच्या, भोवती तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) वेढा द्यायचा आणि डोंग्यातून (छोट्या नावेतून) कंबरभर पाण्यात सोडायच्या. तणस पुढे कुजून जातं. नायलॉनची सुतळी वापरली तर ती जाळ्यात आणि पक्ष्यांच्या पायात अडकते. व्हॅलिस्नेरियाला मात्र पाण्यात उतरून, मुळं बोटांनी चिखलात दाबूनच लावावं लागतं, वरून टाकलं की तरंगून वर येतं. दोन रोपांत दोन फूट अंतर. सगळा तलाव भरायचा नाही, पाच-सहा ठिकाणी वाफ्यासारखे तुकडे करायचे आणि पहिले दोन महिने त्यांच्याभोवती बांबू रोवून जुनं जाळं लावायचं. म्हशी शिरल्या तर एका दुपारीत वाफा तुडवला जातो.

गवत वाढलं की तेही आवरावं लागतं. हायड्रिला माजला तर पाणी अडवून धरतो. उन्हाळ्यात तो कुजायला लागला, किंवा चार दिवस आभाळ राहिलं, की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घ्यायला लागतात. ते दिसलं की सूर्योदयापूर्वीच ताजं पाणी सोडायचं किंवा डोंगे फिरवून पाणी ढवळायचं. त्यावरचा कायमचा उपाय म्हणजे दरवर्षी एक हिस्सा काढून दोन हिस्से ठेवणं. काढलेलं गवत काठावर ठेवलं तर कुजून त्याचा रस परत पाण्यात येतो, म्हणून ते थेट खताच्या खड्ड्यात.

माशांबद्दल तुम्ही जे सांगितलं, त्यावर वाद झाले, आणि तुम्ही न रागावता पुन्हा सांगितलंत. त्याबद्दलही आभार. रोहू, कटला, मृगळ हे नदीच्या वाहत्या पुरात अंडी घालणारे मासे. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण वंश वाढवत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली दरवर्षी विकत आणावी लागते. मरळ, मांगूर, शिंगी आणि बारीकसारीक गावठी मासे मात्र इथेच वाढतात, त्यांना फक्त काठ हवा. रोहू-कटला बंद करा, असं तुमचं म्हणणं नव्हतं, कारण मच्छीमार संस्थेचा बाजार त्यांच्यावर चालतो. पण ग्रास कार्प आणि सायप्रिनस नको, हे तुम्ही ठाम सांगितलंत. ग्रास कार्प लावलेलं गवत मुळापर्यंत खातो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरून खातो, त्यात रोपं उपटतात आणि पाणी गढूळ होऊन थाळी तिसऱ्या गाठीलाच दिसेनाशी होते. एका बाजूने गवत लावायचं आणि दुसऱ्या बाजूने हे दोन मासे सोडायचे, असं अनेक ठिकाणी होतं आणि मग 'गवत धरत नाही' अशी तक्रार होते. 'थाई मांगूर' म्हणून येणारं बीज तर आणायचंच नाही. तो आफ्रिकेतला खादाड मासा आहे आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

मरळीची पिल्लं तुम्ही दाखवली तो क्षण सगळ्यांच्या लक्षात आहे. टोंगळाभर पाण्यात देवधानाच्या काड्यांमध्ये तांबूस-नारिंगी रंगाचा ठिपक्यांचा गोळा सरकत होता, हळूच वर येऊन श्वास घेत होता, आणि खाली आई-बाप फिरत होते. त्या वेळी मोठी मरळ गळाला लावणं सोपं, कारण ती पिल्लं सोडून पळत नाही. ती काढली की सगळा गोळा इतर माशांच्या तोंडी जातो. मृगापासून पोळ्यापर्यंत मासेमारी बंद, सलांगेवर, म्हणजे तलावाचं जादा पाणी वाहून जातं तिथे, चढणीच्या माशाला जाळं आडवं लावायचं नाही, आणि तीन बोटांपेक्षा बारीक आसाचं (भोकाचं) जाळं वापरायचं नाही, हे नियम त्या गोळ्याकडे बघितल्यावर कोणाला पटवून द्यावे लागले नाहीत.

पाण्याचा वाटा हा सर्वांत नाजूक विषय. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ साली संपली, तलाव सरकारकडे आले, आणि गावात पाणी वाटून देणारा जो माणूस असे त्याचं काम कोणाचंच राहिलं नाही. धानाला शेवटचं पाणी हवं असतं ते आश्विन-कार्तिकात, आणि माशाला व कमळाला तळात काही उरायला हवं असतं. तुम्ही तुडुमाच्या, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या भोकांच्या, दगडावर लाल रंगाने रेघ ओढायला लावलीत. वरच्या भोकापासून एकेक करत खाली यायचं, आणि लाल रेघेखालचं भोक ग्रामसभेच्या ठरावाशिवाय उघडायचं नाही. रेघ कुठे ओढायची, तर उन्हाळ्याच्या शेवटी सर्वांत खोल भागात कंबरभर पाणी उरेल अशी. शेतकरी आणि मासेमारी करणारे ढीवर बांधव दोघांनी मिळून ती ओढली, एकट्या समितीने ओढली असती तर पुसली गेली असती. त्याच बैठकीत ठरलं की फवारणीचा पंप तलावात किंवा येव्यात, म्हणजे तलावात पाणी येतं त्या वाटेत, धुवायचा नाही.

तुमच्याकडची झाडा-प्राण्यांची नावं आता लोक जैवविविधता नोंदवहीत उतरत आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ही वही प्रत्येक ग्रामपंचायतीला लागू आहे, आणि राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शेजारच्या गावाची यादी उतरवून वही भरली तर तिचा उपयोग नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहितो: गावातलं नाव, कोणत्या नक्षत्रात दिसतं, कोणत्या पट्ट्यात, आणि कोण वापरतं. कमळपक्ष्यापुढे लिहिलं आहे: पावसाळ्यात, तरंगत्या पानांवर चार अंडी, उबवतो नर, पानं काढायची नाहीत. औषधाच्या झाडांपैकी जी तुम्हाला सांगायची नाहीत ती लिहिलेली नाहीत.

एक काम अडलं आहे. उत्तरेकडच्या काठाला यंदा देवधान लावायचं ठरलं आहे. तुडुमाजवळ लावलं तर त्याचं बी पिकताच गळून पाटाने धानाच्या बांध्यांत जाईल आणि तिथे तण होईल, म्हणून येव्याकडची बाजू निवडली. पण तिथे गुरांची वाट आहे. वाट कुठून वळवायची ते तुम्हीच येऊन दाखवा. बांबू आणि जुनं जाळं तयार आहे, डोंगा दुरुस्त झाला आहे. रोहिणीच्या शेवटच्या दोन दिवसांत, ऊन उतरल्यावर, तुम्हाला न्यायला येतो.

तुमचे,
तलाव समिती आणि काठावरच्या सर्व बाया-माणसं
ता. रामटेक, जि. नागपूर