ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे चर्चागट हवेत

मा. संपादक,

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ च्या ग्रंथालयविषयक पंचसूत्रीतील अखेरचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हणते. ही वाढ केवळ ग्रंथसंख्येची नव्हे, कर्मचाऱ्यांच्या जाणतेपणाचीही असायला हवी. प्रशिक्षणवर्गांत वर्गीकरण, तालिकीकरण (ग्रंथांची सूची तयार करणे) शिकवले जाते, ते आवश्यकच आहे. मात्र दोन विषयांच्या सीमेवरील ग्रंथाला कोणता वर्गांक (विषयानुसार दिला जाणारा क्रमांक) द्यावा, जीर्ण पुस्तके बाद करताना कोणते निकष लावावेत, संदर्भ मागणाऱ्या वाचकाला नेमके काय हवे आहे हे कसे जाणून घ्यावे, या गोष्टी सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष उदाहरणांवर बोलूनच उमगतात. लहान ग्रंथालयात एकट्याने काम करणाऱ्याला ही सोबत मिळतच नाही. म्हणून जवळपासच्या ग्रंथालयांनी मिळून दरमहा चर्चागट भरवावा आणि तेथील उपस्थिती रजा न मानता कामाचाच भाग धरावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

— एक ग्रंथपाल