नाट्यशिबिर घेणाऱ्या दादांना, बीडहून

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही एसटीत बसलात तेव्हा घसा दाटून आला होता, आभाराचं धड बोलताच आलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

युवा कार्यकर्त्यांची प्रशिक्षणं आमच्या पोरांनी पुष्कळ पाहिलीत. एसी हॉल, पडद्यावरच्या स्लाइडी आणि त्या जशाच्या तशा वाचून दाखवणारे साहेब. मग जेवण, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. नाटक-गाण्याला जागा दोनच: पाहुण्यांसाठी स्वागतगीत आणि शेवटच्या रात्रीची करमणूक. एका ठिकाणी तर ऊसतोडीच्या घरातल्या मुलींना पाहुण्यांपुढे नाचायला लावलं. तुम्हाला काय सांगायचंय, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. तो राग अजून जात नाही माझा.

तुम्ही आलात आणि आधी ऑगुस्तो बोआलबद्दल सांगितलंत. ब्राझीलच्या लष्करी राजवटीनं १९७१ साली या रंगकर्मीला पकडून छळलं, देश सोडायला लावला. पुढे पेरूतल्या साक्षरता मोहिमेत त्यानं नाटक थेट लोकांच्या हाती दिलं. लगेच तुम्ही सत्यशोधक जलशांवर, आंबेडकरी जलशांवर, सेवा दलाच्या कलापथकावर आलात, तशी पोरं सावरून बसली. हे आपल्याच घरातलं आहे, हे त्यांना कळलं.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. शब्द न वापरता, माणसं उभी करून चित्र करायचं होतं. आमची एक मुलगी दाराशीच उभी होती; बैठकीत ती कधी तोंड उघडत नाही. तुम्ही चपला काढल्यात, तिच्यापुढे जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "बाळा, मला हवं तसं उभं कर." तिच्या आजोबांच्या वयाचे तुम्ही! आधी तिनं नुसत्या बोटानं तुमची हनुवटी वर केली. मग हात कमरेवर ठेवला, छाती पुढे काढली. मुकादम! समोर एका मुलाला मान खाली घालून बसवलं, तो बाप. एक पोरगा मध्येच म्हणाला, "मुकादम असा नसतो." तुम्ही जागचे न हलता एवढंच बोललात, "चित्र तिचं आहे, तिला विचार." तो तिच्याकडे वळला आणि तिनं उत्तर दिलं. सगळ्यांदेखत, मोठ्यानं. दादा, बाकी सगळं विसरले तरी हे विसरणार नाही मी.

त्या चित्रातूनच नाटक उभं राहिलं. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेला बाप, कोयत्याला (ऊसतोडीला) नवरा-बायकोची जोडी हवी म्हणून आणि मागे पोरीला कुणाकडे ठेवायचं म्हणून अठराच्या आत ठरणारं लग्न. दुसऱ्यांदा सादर करताना बघणाऱ्यांनी 'थांबा' म्हणायचं आणि मुलीच्या जागी उभं राहून वाट शोधायची. एकानं कायद्यावर जोरदार भाषण ठोकलं, बाप लगेच विरघळला. तुम्ही विचारलंत, "हे घडेल, की जादू झाली?" मुली एका आवाजात म्हणाल्या, "जादू!" मग दाराशी उभी असलेली तीच उठली. ती बापाशी बोललीच नाही. आजीकडे गेली आणि म्हणाली, "यंदा तू टोळीबरोबर जाऊ नको, माझ्यासाठी गावात थांब." इतकी खरी वाट आम्हाला आजवरच्या एकाही प्रशिक्षणात कुणी दाखवली नव्हती.

मोठं नाव असलेला माणूस पोरासोरांपुढे असा उभा राहतो, स्वतःला त्यांच्या हाती सोपवतो, तेव्हा त्यांना आपली किंमत कळते. अशी माणसं आहेत म्हणून या कामावरचा जीव उडत नाही.

दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. त्याआधी हेच नाटक आजूबाजूच्या गावांत पारावर करायचं ठरलंय. मुकादमाचं काम तीच मुलगी करतेय, तालमी सुरू झाल्यात. जोकरचं, म्हणजे नाटक थांबवून बघणाऱ्यांना बोलतं करणाऱ्याचं, काम कुणाला द्यायचं यावर मात्र रोज भांडणं होतात, तेवढं फोनवर सांगा.

तुमची,
युवा गटाची एक कार्यकर्ती