‘सगळं कोसळणार’ म्हणणाऱ्यांना एकटं सोडू नका

मा. संपादक,

‘ही व्यवस्था आता फार दिवस टिकत नाही’ असं मनापासून वाटणारी माणसं हल्ली गल्लोगल्ली आहेत. घरचे त्यांना हसतात, नाहीतर गप्प बसवतात. कोल्हापुरात तरी असं होऊ नये. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि दूध, भाजी, पेट्रोल मिळेनासं झालं. उपसा केंद्रं बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असून नळ कोरडे पडले. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. भीती खुळी नाही. ती एकट्याने उराशी धरून रात्रभर मोबाइल बघत बसणं घातक आहे.

त्यासाठी दहा-पंधरा घरांचा शेजारगट करावा. घरं चालत पाच मिनिटांच्या आतली हवीत, कारण पुरात त्यापलीकडे कुणी पोचत नाही. महिन्याला दीड तासाची एक बैठक पुरते. पहिला अर्धा तास फक्त बोलायचा: प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये कुणी सल्ला द्यायचा नाही, भाकीत करायचं नाही. हा भाग गाळला तर मनातलं मनातच कुजतं. लांबला तर बैठक बातम्यांच्या वादात जाते आणि कामाची माणसं, त्यातही बायका, यायच्या बंद होतात. उरलेला तास हातांनी काम.

पहिलं काम यादीचं, आणि ती कागदावर. वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते, पाठोपाठ मोबाइलचीही, मग त्यातली यादी कुचकामी. इन्शुलिन कोण घेतं, जिना कुणाला उतरत नाही, हातपंप कुठे आहे, हे त्या त्या घराला विचारूनच लिहावं.

पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे 48 लिटर, म्हणजे 20 लिटरचे तीन कॅन. झाकण घट्ट हवं आणि आठवड्याच्या ‘कोरड्या दिवशी’ (डास होऊ नयेत म्हणून पाण्याची भांडी रिकामी करण्याचा दिवस) ते रिकामे करून घासायला हवेत. नाहीतर तयारीच्या नावाखाली आपणच डेंग्यूचे डास पोसू. धान्य माणशी रोज 400 ग्रॅम, चौघांना 15 दिवसांचं 24 किलो. त्याहून जास्त नको, पावसाळी दमट हवेत किडे होतात. कडक उन्हात वाळवावं आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावं. गरम भरलं की आत घाम सुटून बुरशी येते. जुनं आधी संपवायचं.

गट मोडतात ते बहुतेक सामायिक साठ्यावरून. सगळं एकाच घरी ठेवलं तर संशय वाढतो, आणि नेमकं तेच घर आधी बुडालं तर सगळंच गेलं. तीन घरांत, वरच्या मजल्यांवर विभागा. साठ्याची वही सगळ्यांना बघू द्या. ‘अमुक महिन्यात सगळं संपणार’ असं सांगणाऱ्याला प्रेमाने पण स्पष्ट थांबवा, त्याला कामाला लावा.

कुणाची झोप दोन-दोन आठवडे उडाली असेल, जेवण जात नसेल, तर ते गटाच्या आवाक्यातलं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर त्याला त्या रात्री एकटं ठेवू नये.

तालमी आणि मंडळांकडे जनरेटर, ताडपत्र्या, दोरखंड आधीच असतात. कुणाकडे काय आहे आणि किल्ली कुणाजवळ, एवढी यादी त्यांनी मे महिन्यातच आपापल्या फलकावर लावावी, ही विनंती.

– शेजारगटांचं काम करणारे काही नागरिक, कोल्हापूर